रिद्धीच्या दाराची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. आगाशीच्या एका लोहाराने मला भट्टीत तापवून, ठोकून घडवले. "माणूस मोडेल, ही मोडायची नाही," असे तो म्हणाला होता. तेव्हा मला ते कौतुक वाटले. आता ते आठवले की भीती वाटते.

अर्नाळ्याच्या रस्त्याला दिवाकरभाऊंची सोनचाफ्याची वाडी आहे. माझी पहिली नोकरी तिथल्या पंपाच्या खोलीवर. मोटार चोरीला जाऊ नये, एवढेच काम. येणारा-जाणारा म्हणे, "काय भक्कम कडी आहे!" पुढे त्या खोलीला नवे दार आले आणि मी खिळ्यांच्या डब्यात गंजत पडले. अडगळीत पडणे वाईट, असे सगळे म्हणतात. मी म्हणते, डब्यातले ते दिवस सुखाचे होते.

मग भाऊंची मुलगी रिद्धी आजारी पडली. झोप उडाली, बोलणे थांबेना, मग दिवसचे दिवस रडणे. मनाचा आजार होता. डॉक्टर चांगले मिळाले, गोळ्या लागू पडल्या आणि ती पुन्हा फुले निवडायला बसू लागली. फुले न्यायला टेम्पो घेऊन परेश येई. तो हसला की तीही हसे. एकदा तिने टोपलीतला एक चाफा उचलून केसांत खोचला.

"पुन्हा सुरू झालं हिचं," तिची आई, सुभद्राकाकू, म्हणाल्या.

"आई, मला तो आवडतो. एवढंच."

"हे तू नाही बोलत गं, तुझा आजार बोलतोय."

बघा मित्रांनो, शेजारच्या मुलीने फूल माळले तर तिच्यासाठी स्थळे बघतात. हिने माळले तर ते आजाराचे लक्षण! परेशचे येणे बंद झाले. त्याच संध्याकाळी तिच्या भावाने, मितेशने, डबा उपडा केला आणि मला तिच्या खोलीच्या दारावर ठोकले. बाहेरून.

एकदा रिद्धीच्या आत्या आल्या आणि माझ्याजवळच कुजबुजल्या, "अशा पोरींना भान नसतं. उद्या काही झालं तर तोंड कुठं लपवाल? गर्भाची पिशवीच काढून टाका." काकू रडल्या, पण नको म्हणाल्या नाहीत. दवाखाना ठरला, सोमवार ठरला. रिद्धीला सांगितले, पोटाची तपासणी आहे.

शनिवारी अश्लेषा नावाची मुलगी आली. मनाच्या आजारामुळे माणसांना प्रेम, लग्न, शरीराची जवळीक यांबाबत किती हिणवतात, किती अडवतात, हे मोजायला ती घरोघर फिरत होती. काकूंनी मला आधीच कोयंड्यातून काढून ठेवले होते. मला वाटले, सुटली पोर!

"मला रिद्धीशी एकटीशी बोलायचंय, काकू," म्हणत अश्लेषाने दार लोटले. पण पाहुण्याला नुसतेच कसे बसवायचे? काकू चहा आणि केळ्याचे वेफर घेऊन आत गेल्या आणि लेकीला खेटून बसल्या. "विचारा हो. आमच्यात लपवाछपवी नसते." जिच्या हातचा चहा घेतला, तिला उठा कसे म्हणणार? अश्लेषाने प्रश्न सुरू केले.

"आजारामुळे कुणी तुम्हाला नातं जोडू दिलं नाही, असं झालं? कधीच नाही, कधी कधी, की नेहमी?"

रिद्धीने आईकडे पाहिले. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. मायेनेच ठेवला, मी पाहिले.

"कधीच नाही."

"तुमच्या शरीराबद्दल, मूल होण्याबद्दल दुसऱ्या कुणी ठरवलं?"

"कधीच नाही."

पुढचे प्रत्येक उत्तर तेच. मला वाजायचे होते, ओरडायचे होते. पण वारा पडला होता.

"असं घर सगळ्यांना मिळो," म्हणत अश्लेषा गेली. तिच्या मापात या घरातला त्रास शून्य भरला.

मित्रांनो, उद्या तुम्ही शिकाल, असेच काही मोजायला निघाल. चहाला नाही म्हणू नका, पण तो घरच्यांबरोबर ओट्यावर बसून प्या. मग ज्याला विचारायचे त्याला दूर वाडीत न्या, जिथे कुणी ऐकणार नाही. आणि 'कधीच नाही' ऐकलेत, तरी लगेच उठू नका.

आज रविवार. मी कोयंड्यात आहे. आतून रिद्धी विचारते, "आई, तपासणीला उपाशी का जायचं?"

"तसंच असतं गं," काकू म्हणतात, आणि मी नीट बसले आहे ना, ते एकदा ओढून बघतात.