माझ्या टर्बोची सलंग

नवेगाव बांध या गावी तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर पुनारामचं घर आहे. घराला लागून टिनाचं एक शेड आहे आणि त्यात उभी असलेली पांढरी, जुनी डिझेल गाडी म्हणजे मी. मित्रांनो, माझा पत्रा ठिकठिकाणी फुगला आहे. डावीकडची काच अर्ध्यावर येऊन अडकते. पण श्वास अजून चांगला आहे. तो कसा टिकला, तेवढंच सांगायचं आहे.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. इंजिनाच्या कुशीत शंखासारखा दिसणारा एक टर्बो बसवला गेला. इंजिनातून निघालेल्या धुराच्या जोरावर त्यातलं चाक फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. त्या दाबाला बूस्ट म्हणतात. दाब फार वाढू नये म्हणून टर्बोला एक छोटी झडप असते. ठरलेला दाब आला की एक बारीक दांडी सरकते, झडप उघडते आणि जादा धूर बाजूने निघून जातो. ही दांडी किती घट्ट असावी, ते तिच्या टोकाचा नट ठरवतो. माझं सारं आयुष्य त्या नटाभोवती फिरलं, असं म्हटलं तरी चालेल.

पुनारामने मला गोंदियाच्या एका राइस मिलवाल्याकडून घेतलं तेव्हा त्याची मुलगी नीतू शाळेत होती. पुनाराम कोहळी समाजाचा. त्याच्या पूर्वजांनी गावोगावी तलाव बांधले होते. पण गाडीच्या बाबतीत तो अगदी पोरासारखा होता. मी अजून जोरात पळावं म्हणून त्याने कुणाकडून तरी तो नट कसून घेतला. मग काय, मी सुसाट पळू लागले. लोक वळून पाहायचे. मलाही ते कौतुक आवडायचं, खोटं कशाला बोलू?

माघात कचारगडच्या जत्रेला निघालो. मागे पुनारामचा मित्र बकाराम आणि त्याच्या घरची माणसं दाटीवाटीने बसली होती.

"पुनाराम, गाडी चालवून राहिला का विमान?" बकाराम म्हणाला. "देवाच्या दर्शनाले जाऊन राहिलो आपण, देवाजवळ नाही."

दरेकसाच्या चढावर माझ्या पोटात काहीतरी फुटलं. पांढरी वाफ उसळली आणि मी जागच्या जागी थांबले. सगळे उतरले. बकारामने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "चला, हिचं दर्शन झालं."

पुनाराम हसला नाही. तो दगडावर बसला. "माह्यीच चुकी हाय," तो म्हणाला. "म्या सलंग उंच केली. मंग पार फुटणारच."

सलंग म्हणजे तलावाचा सांडवा. तलाव भरला की जास्तीचं पाणी सलंगीवरून वाहून जातं, म्हणून मातीची पार, म्हणजे तलावाचा बांध, टिकते. आणखी थोडं पाणी साठावं म्हणून कुणी सलंगीवर दगडमाती रचली, तर तलाव पारच फोडून बाहेर पडतो. हे ज्याच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, त्यानेच माझी सलंग बुजवली होती.

इंजिन दुरुस्त झाल्यावर त्याने नटाला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दाब दाखवणारं एक लहान घड्याळ माझ्या डॅशबोर्डवर बसवलं. नट किंचित सैल करायचा, रस्त्यावर फिरवून काटा पाहायचा, परत येऊन पुन्हा किंचित फिरवायचा. मनासारखं झालं तेव्हा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, नीतू मिरवायची त्या लाकडी बैलाची शिंगं रंगवून उरलेला लाल रंग त्याने काडीने नटावर लावला. नट जरा जरी हलला असता, तरी रंगाला चीर पडली असती.

त्याची आणखी एक सवय होती. लांबून आल्यावर तो लगेच किल्ली फिरवत नसे. इंजिन हळू चालू ठेवून बसून राही. तापलेला टर्बो फिरत असताना इंजिन बंद केलं, तर त्याचं तेल तुटतं आणि तो आतून जळतो.

"बाबा, घर आलं ना. उतरता काऊन नाही?" नीतू कंटाळून विचारायची.

"दम खाऊ दे तिले."

मागच्या हिवाळ्यात पुनाराम गेला. नीतू गोंदियाहून आली. तिनेच सगळं केलं. आल्यागेल्याला चहा दिला, कागदपत्रं पाहिली, आईला औषध दिलं. तिची आई कुंदाबाई शेडच्या सावलीत शेजारच्या सुशीलाबाईंना सांगत होती, "पोरगी रडलीच नाही वं. आतल्या आत भरून राहिली."

मग मी नुसती उभी राहिले. धूळ साचली. एका कोंबडीने माझ्या चाकामागे अंडी घातली.

पोळा झाल्यावर नीतूने नवी बॅटरी आणली. तिने ठरवलं होतं, मी नीट चालले तर ठेवायचं, आईला ने-आण करायला कामी येईन. नाही तर भंगार. आईला शेजारी बसवून ती गोंदियाला निघाली. मित्रांनो, मी जीव तोडून धावले, पण ओढच नव्हती. चढावर मागे काळा धूर. सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. कुंदाबाई म्हणाली, "त्याले इचार, आपल्याले बसवते का म्हणून."

तिथल्या मुन्नालाल मेकॅनिकच्या गॅरेजात पोचताच नीतूने खटकन किल्ली फिरवली. मी तापलेलीच होते.

मुन्नालालने बोनेट उघडलं. "दीदी, पिकअप खतम है. रॉड थोडी कस देता हूँ, बूस्ट बढ़ेगा. फिर देखना."

नीतू वाकली. "त्या नटावर रंग आहे."

"किसने लगाया?"

"बाबांनी."

पाना त्याच्या हातात तसाच राहिला. नीतू त्या लाल ठिपक्याकडे पाहत होती. तिच्या बाबांचा हात शेवटचा जिथे फिरला होता, अशी ती जागा. आणि त्या जागेला हात लावला नाही, तर मी भंगारात जाणार होते.

"कसून टाका," ती म्हणाली.

पाना फिरला. रंगाला चीर पडली. मला ओरडता आलं असतं, तर मी ओरडले असते. ज्या इंजिनाला एकदा तो दाब सोसला नव्हता, त्याला या वयात कसा सोसणार?

"थांब ना गा, मुन्नालाल." कुंदाबाई बाकावरून म्हणाली. तिची चहाची बशी अजून ओठाजवळच होती. "तू काय करून राहिला? सलंग उंच करून राहिला का?"

"अम्मा, ये गाडी है. तालाब नहीं."

"पाणी कमी हाय म्हणून कोणी सलंग उंच करते का? आधी पारीले खेकड्यानं भोक पाडलं का, थे पायते."

नीतूने मान वर केली. मुन्नालाल हसायला लागला आणि मधेच थांबला. "दीदी, स्टार्ट करो. रेस दो."

टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीवरून तो हळूहळू हात फिरवत गेला. नळी आवळणाऱ्या पट्टीच्या खाली, जिथे दिसत नाही तिथे, बोटांना हवा लागली. इतक्या महिन्यांत रबर वाळून चिरलं होतं. माझा श्वास वाटेतच गळत होता.

"ये रहा अम्मा का केकड़ा," तो म्हणाला.

नवी नळी लागली. मुन्नालालने नट उलटा फिरवला. चिरलेल्या रंगाच्या दोन कडा एकमेकींना भिडेपर्यंत नीतू टॉर्च धरून उभी होती. परतीच्या वाटेवर घड्याळाचा काटा चढावर वर गेला आणि पुनारामने ठरवलेल्या जागी थांबला. धूर नव्हता.

दिवस कलला होता. तलाव भरलेला होता आणि सलंगीवरून पाणी वाहत होतं. घराशी आल्यावर नीतूचा हात किल्लीकडे गेला, आणि तिथेच थांबला.

"उतर माय. मी येते."

"काऊन?"

"दम खाऊ देते हिला."

कुंदाबाई उतरली. नीतूने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. आधी तिचे खांदे हलले, मग आवाज आला. माझं इंजिन चालू होतं, त्यामुळे तो वाटेपर्यंत गेला नाही. कुंदाबाई ओट्यावर उभी होती, पण जवळ आली नाही. पदराचं टोक हातात धरून ती एवढंच म्हणाली, "वाहू दे."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी जुनी गाडी असेल, तर एवढं करा. तिची ओढ कमी झाली म्हणून लगेच दाब वाढवू नका. आधी गळती शोधा. आणि घर आलं की लगेच किल्ली फिरवू नका. लांबून आलेल्याला थोडा दम खाऊ द्यावा.

नीतूने डोळे पुसले. घड्याळाचा काटा खाली विसावला आहे ना, ते पाहिलं आणि मग किल्ली फिरवली. दुसऱ्या दिवशी ती लाल रंगाची डबी शोधत होती.