सोमवारचा लाल दिवा

“पोरी, तुन्हा मोबाइलमा हिरवा दिवा दिखना म्हनजे धनुबाई बरी शे, आसं समजू नको. दिवाले काय कळस?”

प्रकाशा गावच्या धनुबाईंनी हे बजावलं, तेव्हा ममता त्यांच्या टीव्हीच्या प्लगला पांढरी डबी बसवत होती. ती हसली. “आजी, ते कळावं म्हणूनच तर हे सगळं आहे,” असं ऑफिसच्या मराठीत सांगून तिने पुढची डबी काढली.

पुण्याच्या एका संशोधन गटाने प्रकाशातली तेवीस घरं निवडली होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे टीव्ही, फ्रिज, दिवे इंटरनेटला जोडायचे; खानदेशच्या उन्हात, वीज येता-जाता ही यंत्रं कशी टिकतात, माणसं ती कशी वापरतात, ते संगणकाच्या एका पानावर बघायचं. चालू घर हिरवं, संपर्क तुटलेलं घर लाल. पान सांभाळायला बी.एस्सी. झालेली ममता, जवळच्या लोणखेड्यात घरूनच, दीड वर्षांची लेक मांडीवर घेऊन. नजर ठेवणं तिला शिकवावं लागलं नव्हतं. लेक झोपली तरी ती तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चाचपायची. “तिले झोपू दे, तूच उठाडशी तिले,” नवरा हेमराज चिडवायचा.

धनुबाईंचं घर सतरा नंबरचं. आठवडाभर हिरवं, आणि दर सोमवारी सकाळी सात ते नऊ लाल. देवळात निघताना धनुबाई मेन स्विच खाली पाडूनच कडी घालायच्या. फार वर्षांपूर्वी वायर तापून त्यांच्या घरातला कापूस पेटला होता. तेव्हापासून चालू विजेवर घर सोडायचं नाही, हा नेम. ममता दर सोमवारी ‘बिघाड’ अशी नोंद करायची. एकदा तिने फोनवर विनवलंही, “आजी, मेन नका ना बंद करू. आमची नोंद तुटते.”

“तुन्ही नोंद तुटस, मन्हं घर जळस. सांग, कोनतं महाग?”

आणि मग तो सोमवार आला. साडेआठ वाजले होते. तेवीसच्या तेवीस घरं हिरवी. पुण्याच्या साहेबांचा संदेशही आला : ‘पहिल्यांदाच शंभर टक्के! अभिनंदन.’ ममता आनंदाने उत्तर लिहायला गेली आणि तिचं बोट थांबलं.

सोमवार, आणि सतरा नंबर हिरवं?

टीव्ही सहापासून चालू दिसत होता. पण तो रोज आपोआपच लागायचा. सुरतेला असलेल्या ललितने, धनुबाईंच्या मुलाने, तशी वेळ लावून दिली होती. तिने धनुबाईंना तीनदा फोन लावला. रिंग जात राहिली. पुण्याला कळवलं, तर साहेब म्हणाले, “मॅडम, मागच्या महिन्यात नऊ नंबरच्या आजोबांना तुम्ही झोपेतून उठवलंत. स्क्रीनवर विश्वास ठेवा जरा.”

हेमराज कामावर निघाला होता. ती आडवी आली. “प्रकाशाले चाल.”

“आते, कामना टायमाले? तूच सांगस ना, हिरवं म्हनजे चांगलं?”

“सोमवारले नही.”

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि चिडवायचं सोडून गाडीला किक मारली. लेकीला सासूबाईंकडे देऊन ती मागे बसली.

धनुबाईंच्या शेजारची अकिला ओटा धूत होती. “टीव्ही चालू शे ना, बेटी. भजनं ऐकू ई ऱ्हायनात. म्हनलं, आज मंदिरात नही गयी, घरमाच बठेल व्हई.”

दाराला आतून कडी होती. हेमराज अकिलाच्या परसातून भिंत चढून पलीकडे उतरला आणि त्याने आतून दार उघडलं. धनुबाई न्हाणीत पडल्या होत्या, एक पाय अंगाखाली. आवाज पार बसलेला. पण ममताला बघताच त्या म्हणाल्या, “पहिले तो टीव्ही बंद कर. तीन तास व्हयनात, मी हाका मारी ऱ्हायनी आन तो भजनं म्हनी ऱ्हायना!”

शहाद्याच्या दवाखान्यात नेताना रिक्षात त्यांचं डोकं ममताच्या मांडीवर होतं.

“लाल दिखना का तुले?”

“नही आजी. हिरवाच व्हता.”

“मग धावत कशी उनी?”

“हिरवा व्हता म्हनीसनच उनी.”

धनुबाईंनी डोळे मिटले, पण तिचा हात सोडला नाही.

पायाला प्लास्टर चढलं. पुढचे अकरा सोमवार सतरा नंबर हिरवं राहिलं. पुण्याला बरं वाटत होतं. ममता मात्र दर सोमवारी अकिलाला फोन करायची.

बाराव्या सोमवारी, सात वाजून दहा मिनिटांनी, सतरा नंबर लाल झालं.

ममताने लेकीला उचलून पडद्यासमोर धरलं. “देख, देख! आजी चालनी!” लेकीने लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

पानाने नेहमीसारखं विचारलं : संपर्क तुटण्याचं कारण? वीज, नेटवर्क, बिघाड, इतर. तिने ‘इतर’ निवडलं आणि खालच्या रिकाम्या चौकटीत, तिच्यानंतर ते पान उघडणाऱ्या कुणाही माणसासाठी, लिहिलं :

‘घर सतरा. धनुबाई, वय चौऱ्याहत्तर. सोमवारी लाल दिसल्या तर समजा, काठी घेऊन देवळात गेल्यात. हिरव्या दिसल्या तर फोन करा. उचलला नाही तर जा. आणि हे वाचणारे तुम्ही, तुमच्याही ओळखीचं कुणी एकटं राहत असेल. त्यांचा सोमवार कसा असतो, माहीत आहे तुम्हाला? आज त्यांच्या दारापर्यंत जाऊन या.’