मांडवाच्या दारातला बटाटा

काल्हेरची गोदामं भाड्याने दिल्यापासून हिरामणकडे वेळच वेळ होता. त्यात मुलीचं, दिपालीचं, लग्न निघालं. हळदीला अख्खा गाव जेवायला येणार. मांडवाच्या दारात गर्दी अडू नये म्हणून त्याने जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा मांडव उभा केला. एका भिंतीला दार ठेवलं आणि पाहुणे म्हणून सुके वाटाणे घेतले. टेबल एका बाजूने उचललं की वाटाणे दाराकडे घरंगळत. ते दारात अडले तसं त्याने दार दुप्पट रुंद केलं. मग सगळे सरळ आत.

"अवो, माणसं काय वाटाणं हायती?" बायको कमळ म्हणाली.

"मॉडेल हाय ते. त्यात सगळं घालायचं नसतं," हिरामण इंजिनिअरच्या थाटात म्हणाला.

मांडववाल्याकडून त्याने तसंच रुंद दार करून घेतलं. तरी हळदीच्या संध्याकाळी दारात अशी कोंडी झाली की रांग रस्त्यावर गेली आणि आतलं जेवण निवलं. हिरामण घसा फोडून ओरडत होता, "पुढं सरका!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडववाल्याला चार शिव्या घालून तो पुन्हा टेबलाशी बसला. वाटाणे मुकाट आत गेले. मग चुकलं कुठे? काल प्रत्येक पाहुण्याला मिठी मारून, घरच्यांची चौकशी करून मगच आत कोण सोडत होतं, हे त्याला आठवलं. सगळ्या मॉडेलमध्ये एकटा यजमानच नव्हता!

त्याने हळूच एक छोटा बटाटा दारात ठेवला.

"बारका कशाला?" कमळने टोपलीतला सगळ्यात मोठा काढून दिला. "पोट बघा आपलं."

टेबल कललं. सगळे वाटाणे बटाट्यामागे तुंबले. हिरामण इतका हसला की त्याला ठसका लागला. मांडववाल्याला फोन करून त्याने माफीही मागितली.

संध्याकाळी लग्नाला तो दाराकडे फिरकलाच नाही. मांडवाच्या पार टोकाला, आइस्क्रीमपाशी उभा राहिला. माणसं भराभर आत येत होती, जेवत होती. तेवढ्यात म्हातारी आक्का, त्याची आत्या, तरातरा आली.

"पोरीचा बाप दारात न्हाय? रुसलास का रं?"

एवढ्या गडबडीत तिला वाटाण्यांची गोष्ट काय सांगणार! हिरामणने तिच्या हातात आइस्क्रीम दिलं आणि तिच्या गुडघ्यांची सगळी कहाणी निवांत ऐकून घेतली.