खालच्या ओठातली चराईबंदी

राळेगणसिद्धी पाहून झाल्यावर ज्या अभ्यास दौऱ्यांना जेवायला अजून वेळ असतो, ते सूर्यभाननानांच्या गावात येतात. नाना त्यांना डोंगरावरचे समतल चर दाखवतात, मग गावातली कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि तंबाखूबंदी सांगतात. पूर्वी हे सांगताना नानांच्या खालच्या ओठात तंबाखूची चिमूट असायची. ती हलू नये म्हणून ते तोंड मिटत मिटत बोलायचे. पाहुण्यांना माणूस फार गंभीर वाटायचा.

पण त्या चिमटीखालची हिरडीच खचली. पुढच्या एका दाताचं मूळ उघडं पडलं. पारनेरच्या डॉक्टर माधुरी म्हणाल्या, असंच चाललं तर दात जाईल. नानांना दाताचं काही नव्हतं. पण दात गेला की ‘समतल’ म्हणताना शिट्टी वाजणार, आणि शिट्टी वाजवणाऱ्या माणसाकडून जलसंधारण कोण शिकणार?

“काका, तुमची हिरडी पातळ आहे,” माधुरी म्हणाल्या. “तिला बारीक सुयांनी टोचायचं. जखमा भरताना ती जाड होते. शिवाय तुमचंच थोडं रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला चिकट भाग तिथं सोडायचा.”

नाना खुर्चीत ताठ बसले. “म्हंजी चर खांदायचे आन् पानी मुरवायचं!”

“हो, तसंच.”

“पानीबी घरचंच. टँकर न्हाई! करा सुरू. पन माथ्यापासनं. पायथ्याला आदी खांदलं तर वरनं समदं वाहून येतं.”

“तोंडात माथा कुठला, काका?”

“दात म्हंजी माथा, वठ म्हंजी वढा. तुमाला शिकिवलं न्हाई व्हय?”

माधुरींनी ओढा खाली ओढला आणि चिमट्यानं तंबाखूचा चोथा बाहेर काढला.

“हे काय?”

“गवात.”

“तुमच्याकडे चराईबंदी आहे ना?”

नाना छताकडे पाहू लागले. छत चांगलं होतं.

“तंबाखू सुटल्याशिवाय मी सुई लावणार नाही. सगळे चर बुजतील.”

हे मात्र नानांना पटलं. स्वतःवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता; डोंगर तरी कुठं एकट्यानं हिरवा झाला होता? ते ग्रामसभेत उभे राहिले. “माझ्या खालच्या वठात चराईबंदी लागू करावी.”

मागून सहादू ओरडला, “आदी अतिक्रमन कबूल करा, नाना!”

नानांनी खिशातली पुडी काढून सरपंचांसमोर ठेवली. बंदी सांगणारा माणूस गावासमोर उघडा पडला, दातासारखाच. ठराव एकमतानं मंजूर झाला, आणि राखणदार म्हणून नानांच्या मंडळी चांगुणाबाई नेमल्या गेल्या. त्यांनी त्याच दिवशी बॅटरी विकत आणली. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत, एसटीत, कीर्तनात, कुठंही हुकूम यायचा, “वठ दावा.” नाना दाखवायचे.

तंबाखू सुटली, मग सुया लागल्या. दोन-तीनदा लागल्या. सगळी हिरडी परत आली नाही, पण होती ती जाड झाली, थोडी वरही सरकली. दात टिकला.

आता दौरा आला की डोंगर झाल्यावर नाना खालचा ओठ ओढून दाखवतात. परवा एका साहेबांनी वाकून फोटो काढला आणि विचारलं, “पण हे टिकतं का?”

नाना उत्तर देणार होते, पण ओठ त्यांच्या हातात होता.

“मी हाय ना,” चांगुणाबाई म्हणाल्या, आणि बॅटरी लावली.