लाल लाकडाचा खुळखुळा

माझ्या नवऱ्याला लीत्रेचं झाड बाधत नाही, हे अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे, कारण तोच सांगत फिरतो. बाकीचे लोक त्या झाडाच्या सावलीलासुद्धा बसत नाहीत. डोंगरात वाटेत आलंच तर टोपी काढून "नमस्कार, लीत्रेसाहेब" म्हणतात आणि लांबून जातात. तरी कुणाकुणाचं तोंड दुसऱ्या दिवशी भोपळ्यासारखं सुजतंच. मी लहानपणी एकदा त्याच्या बुंध्याला टेकले होते, तर आईला मला चमच्याने पाणी पाजावं लागलं होतं. माझा ओनोफ्रे मात्र त्याच्या फांद्या उघड्या हातांनी मोडतो. "आमची जुनी ओळख आहे," म्हणतो. ओळख म्हणे! मेल्याला सोयरीकच जुळवायची होती.

आमचा धंदा कातकामाचा. लेथ त्याच्या बापाचा, पत्र्याच्या शेडमध्ये. लाटणी, खलबत्ते, भोवरे, आणि सप्टेंबरच्या सणाला एम्बोके. दोरीला बांधलेली लाकडी घंटी उडवून दांडीच्या टोकावर झेलायची, तो खेळ. पण हल्ली पोरं मोबाईल झेलतात आणि लाटणं एकदा घेतलं की बाई मरेपर्यंत दुसरं घेत नाही. म्हणून आमच्या सुनेने, येसिकाने, डोकं लढवलं. पोरगा उत्तरेला खाणीत, ही आमच्याजवळ.

"सासूबाई, लोकांना भेट द्यायला काहीतरी हवं असतं," ती म्हणाली. "मिठाची वाटी, अंगठीची डबी, मेणबत्तीचं घर. वर रिबन बांधायची. आणि बाळाचा खुळखुळा!"

खुळखुळ्याचं नाव काढलं आणि म्हातारा खुलला. एकाच लाकडातून दांडा कातायचा आणि त्याच लाकडातून दांड्याभोवती तीन सुट्या कड्या. ना जोड, ना डिंक. कडी शेवटी पटाशीखालून सुटते आणि खुळ्ळ करून दांड्यावर पडते, तेव्हा ओनोफ्रेचं तोंड बघावं. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे बघून तो कधी असा हसला नाही. अक्रोडाचे पहिले खुळखुळे हातोहात गेले. एका बाईने तर जुळ्यांसाठी दोन नेले आणि पुढच्या रविवारी ती बहिणीला घेऊन आली. आम्हाला वाटलं, निघालो बाई आता वर.

मग सणाच्या तोंडावर अक्रोड संपला. वखारवाल्याने भाव असा सांगितला की ओनोफ्रे तिथून रिकाम्या हाताने परत आला. दोन दिवसांनी पाहते तर शेडमध्ये नवे खुळखुळे, गडद लाल, गाभ्यात काळ्या रेषा. इतके देखणे की मी हात पुढे केला.

"थांब, थांब! तेल ओलं आहे," तो ओरडला.

"कसलं लाकूड रे हे?"

"एस्पिनोचं. जुन्या काटेरी झाडाचा गाभा आहे."

तेल-मेण लावायचं काम नेहमी माझं. यावेळी त्याने स्वतः केलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला माझी दया आली. मी एम्पनाडांचं सारण परतत होते, सणाला शंभर कामं. येसिकाने हातमोजे घालून, डाग पडू नयेत म्हणून, एकेक खुळखुळा पारदर्शक कागदात गुंडाळला आणि निळी नाहीतर गुलाबी रिबन बांधली. सणाच्या जत्रेत मीच ते विकले. हसून विकले. "घ्या ताई, अखंड लाकूड आहे, रंग नाही, बाळाने तोंडात घातला तरी चालेल." हे वाक्य मी म्हटलं. अजून कानात वाजतं.

सोमवारी सकाळी शेड झाडली, लाल ढलप्या टोपलीत भरल्या आणि नेहमीसारखी त्यांच्यावर चूल पेटवली. दुपारपर्यंत चेहरा खाजायला लागला. संध्याकाळी डोळे मिटले. ओठ असे झाले की येसिका दारात थबकली.

"अगं बाई! सासूबाई, हे तर लीत्रे!"

मला कुणी सांगायला नको होतं. ती जळजळ विसरत नाही माणूस.

मी भिंत चाचपत शेडमध्ये गेले. लेथ थांबला. "म्हाताऱ्या, खुळखुळे कशाचे होते?"

त्याने पटाशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तोंड उघड, नाहीतर पटाशीने उघडते!"

"दोन वर्षं वाळवलेलं होतं ते, म्हातारे," तो म्हणाला. "वाळलं की झाडाचा जोर जातो. मी स्वतः चाटून पाहिलं."

"तू चाटलंस! तू! अरे, तुला तर ते झाड खाऊ घातलं तरी ढेकर देशील! मी काय आहे? बघ माझ्याकडे! ही मी आहे धुराने, आणि त्या बाळांच्या तोंडात आख्खं लाकूड आहे!"

बघितलं असेल त्याने. मला दिसत नव्हतं, पण त्याचा श्वास ऐकू आला. मग तो खाली बसला, स्टूल करकरलं.

नावं नव्हती कुणाची. जत्रेतला माल, कोण कुठल्या गावचं कुणास ठाऊक. ओनोफ्रे म्हणाला, मी सायकल घेऊन दारोदार फिरतो, गुपचूप बदलून देतो. मी म्हटलं, तू दारं वाजवत बसशील तोवर पोरं चघळत बसतील. रेडिओवर सांगायचं. आमच्या खोऱ्यात मेलेल्याची बातमी आणि हरवलेली गाय रेडिओवरच सांगतात, दुपारच्या जेवणाला सगळ्यांच्या घरी तोच लागलेला असतो.

"रेडिओवर?" त्याचा आवाज फाटला. "सुनिल्दा, मग आपल्याकडून पुन्हा कोण घेईल? बापाचं नाव आहे पाटीवर."

"असू दे. उद्या छोट्याशा शवपेटीवर कुणाच्या पोराचं नाव लागेल, ते चालेल तुला?"

दुसऱ्या दिवशी येसिकाने मला हाताला धरून नेलं आणि मी त्या सुजलेल्या तोंडाने बोबडं बोबडं सांगितलं. जत्रेत आमच्या टेबलावरून लाल लाकडाचा खुळखुळा ज्यांनी नेला, त्यांनी तो ताबडतोब बाळापासून काढा, ते लीत्रे आहे, बाळाचे हात-तोंड साबणाने धुवा, आम्हाला आणून द्या. निवेदक बिचारा इतका घाबरला की पुढचं गाणं लावायला विसरला.

लोक आले. पहिली आली तिचा कागदसुद्धा फोडलेला नव्हता, नामकरण पुढच्या महिन्यात होतं. मी तिच्यासमोर रडले, लाज वाटली नाही. एका आजोबांनी नातवाच्या हनुवटीवर चट्टे आले होते म्हणून शिव्या दिल्या. द्याव्यातच. ओनोफ्रे मान खाली घालून "हो, हो" म्हणत राहिला. मग नुसते खुळखुळे यायचे थांबले आणि बाकीचंही यायला लागलं. मिठाच्या वाट्या. खलबत्ते. कुणाच्या लग्नात दिलेलं लाटणं. माझ्या चुलत बहिणीने वीस वर्षांपूर्वीची भोवऱ्यांची जोडी फाटकाला टेकवून ठेवली आणि घंटीही वाजवली नाही. फाटकाशी ढीग झाला. सगळं अक्रोडाचं, सगळं चांगलं, पण सांगणार कुणाला आणि ऐकणार कोण? येसिका म्हणाली, "सासूबाई, हे शेडमध्ये नेऊ का?" मी म्हटलं, राहू दे, त्याला बघू दे. कठोर बोलले. राग होता, अजून आहे.

पण मोजून पाहिलं तर एक खुळखुळा अजून बाहेर होता. गुलाबी रिबनचा होता, एवढंच आठवत होतं. मी रोज रेडिओवर निरोप द्यायला लावला. ओनोफ्रे शेडमध्ये जाईना, जेवेना, फाटकाशी ढिगाजवळ बसून रस्ता बघे. एकदा म्हणाला, "नेणारीने विसरून कुठल्यातरी खणात टाकला असेल." मी म्हटलं, "देव करो." दोघांनाही तेच पाहिजे होतं.

शुक्रवारी दुपारी बस थांबली आणि एक पोरसवदा बाई उतरली. खांद्यावर पिशवी, छातीशी बाळ, बाळावर पातळ दुपटं. वरच्या पट्टीतल्या मजुरांच्या वस्तीतली होती, नोएलिया नाव. तिथे रेडिओ धड लागत नाही. बस ड्रायव्हरने काल सांगितलं तेव्हा तिला कळलं.

मी खुर्ची दिली. ती बसली नाही. तिने दुपटं बाजूला केलं.

मी माझं तोंड आरशात पाहिलं होतं, म्हणून मला वाटलं होतं मी तयार आहे. नव्हते. एवढंसं तोंड, त्यात ओठ कुठले आणि गाल कुठले कळत नव्हतं. दोन्ही डोळे बंद, पापण्यांवर पिवळी खपली. सात महिन्यांची मुलगी.

"डॉक्टर म्हणाले, दूध सोसत नाही," नोएलिया म्हणाली. ओरडून नाही, सांगायचं म्हणून सांगितल्यासारखं. "मी दूध बंद केलं. मग म्हणाले, घरात काही चावलं असेल. मी गाद्या जाळल्या. डाव्या डोळ्याचं, सूज उतरल्यावर बघू म्हणतात." ती ओनोफ्रेकडे वळली. "रात्रंदिवस रडायची, आजोबा. अंगावर घेतली तरी रडायची. खुळखुळा दिला की तेवढी गप्प व्हायची. म्हणून मी तोच देत होते. पडला की उचलून परत देत होते."

मी हिचे पाय धरू की कुठे तोंड लपवू, मला सुचेना.

ओनोफ्रे उभा राहिला. नोएलियाने पिशवीतून प्लास्टिकची थैली काढली, तिला गाठीवर गाठ मारलेली, आणि त्याच्यापुढे धरली. थैली हलली आणि आत कड्या वाजल्या.

बाळाने मान वळवली. डोळे तर उघडत नव्हते, पण आवाजाच्या दिशेने दोन्ही हात लांब केले, बोटं उघडझाप करत, आणि त्या सुजलेल्या तोंडातून हसल्यासारखा आवाज काढला.

"बघा," नोएलिया म्हणाली आणि पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. "अजून मागते."

ओनोफ्रेने थैली घेतली आणि कड्या वाजू नयेत म्हणून छातीशी आवळून धरली. पण श्वासागणिक छाती वरखाली होत होती. कड्या वाजतच राहिल्या आणि पोरगी हात पसरून रडायला लागली.