हात पोराचे, नाक आईचं

बस जरा. घाईत असलास तरी बस. एका साबणवाल्याची गोष्ट सांगतो. सुरुवातीला हस खुशाल, पुढचं तुझं तू बघ.

हा गडी दुसऱ्याच्या कारखान्यात साबण घोटून घोटून विटला, आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्याने स्वतःचा धंदा काढला. आता गंमत ऐक. काढायचा साबण, आणि गड्याचं नाक जन्माचं चोंदलेलं! शेजारी आग लागली तरी धूर डोळ्यांत गेल्यावर याला कळायचं. लोक पोट धरून हसले. आई म्हणाली, "हसू देत मेल्यांना. हात तुझे, नाक माझं."

आणि नाक तरी काय म्हातारीचं! डब्यावर वाकायची, डोळे मिटायची, की लगेच, "तेल शिळं आहे, परत पाठव." नवरा गेल्यापासून तिला घरात कोणी काही विचारत नव्हतं. आता पोरगा प्रत्येक घाण्याला हाक मारायचा, "आई, ये गं!" ती हातातलं काम टाकून यायची. त्या खोलीतलं स्टूल तिचं. दुसरं कोणी त्यावर टेकलेलं तिला खपायचं नाही.

मग पहिली मोठी ऑर्डर आली. एका हॉटेलची, खोल्याखोल्यांत ठेवायच्या छोट्या वड्या. आईने वास घेतला, मान हलवली, माल गेला. आणि सगळा परत आला. मॅनेजर म्हणाला, "अहो, पाहुणे हात धुतात आणि ते हात धुवायला दुसरा साबण मागतात! खवट आहे सगळं."

गड्याचं डोकं फिरलं. तडक तेलवाल्याकडे. हा तेलवाला भला माणूस. नव्या धंद्याला कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा यानेच तेल दिलेलं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी!

"शिळं तेल माझ्या गळ्यात मारतोस?" गिऱ्हाइकांसमोर नको नको ते बोलला.

"निघाला असेल एखादा डबा खराब," तेलवाला म्हणाला. "पण तुमच्याकडे वास घेतल्याशिवाय तेल पातेल्यात पडत नाही ना?"

"माझ्या आईवर जाऊ नकोस, सांगून ठेवतो!"

घरी आला, तर शेगडीवर दूध करपून पातेलं काळं ठिक्कर, धूर निघतोय. आणि हातभर अंतरावर आई पाठमोरी, शांतपणे भाजी निवडत बसलेली.

त्याने शेगडी बंद केली.

"अगं बाई! लक्षच नव्हतं रे माझं."

त्याने खिशातून परत आलेली वडी काढली, तिच्या नाकाशी धरली. "कशी आहे?"

तिने सवयीने डोळे मिटले. "चांगली आहे."

"आई..."

तिचा चेहरा पडला. "तो ताप आला होता ना मला, त्यात गेलं. वाटलं, आज येईल, उद्या येईल."

"मग सांगायचं नाही का गं?"

"सांगितलं असतं, तर तू मला हाक मारली असतीस?"

त्याने ती वडी पुन्हा खिशात टाकली.

तेलवाल्याकडे गेला, हात जोडले. "चूक माझी."

"तुझी कशी? तुला नाक आहे कुठे? ज्यांच्यासमोर मला चोर ठरवलंस, त्यांच्यासमोर काय झालं ते सांग. उद्यापासून तेल चालू."

मागणं काही वावगं नव्हतं. आईचं नाव घ्यायचं, एवढंच. ते याच्या तोंडून निघेना. आला तसा परत फिरला. आता तेलाशिवाय साबण कोणी घोटलाय? धंदा बसला. गडी पुन्हा जुन्या कारखान्यात.

सुट्टी असली की अजूनही तो कुठून तरी थोडं तेल आणतो, छोटं पातेलं चढवतो आणि हाक मारतो, "आई, ये गं!" ती येते. स्टुलावर बसते, वाकते, डोळे मिटते. बोलत काही नाही. वड्या तयार झाल्या की दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे एक धरते, "बघ रे, कसा वास आहे?" जे झाकायला पोराने धंदा घालवला, ते काही झाकून राहिलं नाही. गल्लीत कधी काही राहतं? सगळे म्हणतात, "वा आजी, झकास!" ती वडी खाली ठेवते. नाक गेलंय तिचं, कान नाही गेले.

तू कधी त्या वाटेने गेलास, तर थांब. वडी हातात घे, नीट वास घे. आणि खवट असली ना, तर तोंडावर सांग, "आजी, तेल शिळं आहे, परत पाठवा." एवढं कर बाबा माझ्यासाठी.