एकोणीस नावं

या मंडळी, असे पुढे सरकून बसा. आज एक गोष्ट सांगायची आहे, अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या मैदानावरची, भर दुपारची. ऐकताना छातीत धडधडलं तर धडधडू द्या.

नागपूरचा देवदत्त तिथल्या एका कंपनीत व्हिसावर नोकरीला. तिथल्या मराठी मंडळाच्या कीर्तनांत माइक तोच सांभाळायचा, म्हणून कंपनीच्या मेळ्यातही ते काम त्याच्याच गळ्यात पडलं. गाणार होता ब्राझीलचा ‘बारो’ हा बँड. बारो म्हणजे चिखल. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या गावात खाणीचा बंधारा फुटला, एकोणीस माणसं चिखलाखाली गेली, आणि उरलेल्यांनी तेलाचे डबे बडवत गाणं सुरू केलं. ती गाणी मोर्च्यांत गेली, शाळांत गेली. ती ऐकून दुसऱ्या गावांनी आपापले बंधारे तपासून घेतले. पण कार्यक्रम कुठेही असो, शेवटी ती एकोणीस नावं घ्यायचीच, हा त्यांचा नेम. नामस्मरणच म्हणा ना!

गायिका इरासेमाबाई सत्तरीच्या. डब्यांच्या दणक्याने कान गेलेले. सकाळी त्या देवदत्तला म्हणाल्या, “पोरा, मला फक्त पायाखालची थरथर कळते. नाव लोकांपर्यंत पोचलं की मान हलव. तुझी मान हलल्याशिवाय मी पुढचं घेणार नाही. शेवटचं माझ्या भावाचं आहे.”

तासाभराने मॅनेजर उल्हास आला. “देवा, ती खाणवाली कंपनी आपली क्लायंट आहे, यार. नावं सुरू झाली की माइक म्यूट कर.”

“आणि बाईंना कळलं तर?”

“कळतंय कुठे? तू आपली मान डोलाव, नंदीबैला! तुझ्या व्हिसाचा फॉर्म माझ्या टेबलावर आहे, विसरू नकोस.”

शेवटचं गाणं संपलं. बाईंनी डोळे मिटून पहिलं नाव घेतलं. देवदत्तने बटण दाबलं. ओठ हलले, आवाज त्याच्या हेडफोनपर्यंत आला, पण मैदानात काहीच पोचलं नाही. पुढे बसलेल्या ब्राझिलियन बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बाईंनी डोळे उघडून थेट देवदत्तकडे पाहिलं.

“हलव ना मान!” उल्हास कानाशी कुजबुजला.

मान हलवायची म्हणजे खोटं बोलायचं, तेही मेलेल्या माणसाच्या नावावर. नाही हलवली तर नोकरी गेली. देवदत्तची मान ताठच राहिली. बाईंनी पुन्हा तेच नाव घेतलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा आवाज फाटला. बाईंना ते कळलं नाही, मैदानाला कळलं नाही, एकट्या देवदत्तच्या हेडफोनमध्ये तो फाटला.

त्याने म्यूट काढला.

“अरे वेड्या!” उल्हासने बटणाकडे हात घातला. देवदत्तने तो मनगटाशी धरून ठेवला. चौथ्यांदा घेतलेलं नाव मैदानभर गेलं, आणि तेव्हा कुठे त्याची मान हलली. एकोणीस वेळा हलली.

सोमवारी त्याचं ओळखपत्र कंपनीच्या दाराशी चाललं नाही. व्हिसाचा नियम असा, की साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर देश सोडायचा. आजचा एकेचाळिसावा दिवस. तर मंडळी, घरी जाऊन देवापुढे हात जोडाल ना, तेव्हा स्वतःसाठी काही मागायच्या आधी देवदत्तची आठवण काढा.